मागीलदारची परळ

थंडीच्या दिवसांत पाखरांना दाणे घालावेत, हे आपण सगळ्यांनी कुठेतरी वाचलेलं असतं. मुलांच्या रंगीत पुस्तकांत तसं चित्रही असतं. बागेत गुडघाभर बर्फ, झाडाला टांगलेलं लाकडी घरकुल, त्यात दाणे आणि कठड्यावर तांबड्या छातीचा एक गोल गरगरीत पक्षी. ही रीत बर्फाच्या मुलखातली. तिथे हिवाळा म्हणजे पाखरांची उपासमार. १८९०-९१ च्या हिवाळ्यात इंग्लंडमध्ये इतकी कडाक्याची थंडी पडली, की वर्तमानपत्रांनी लोकांना पाखरांसाठी खाणं बाहेर ठेवायचं आवाहन केलं. तिथून पुढे ती सवय तिकडच्या घराघरांत वाढत गेली.

आमच्या पूर्णगडात थंडी म्हणजे काय? फजरच्या नमाजला उठताना अंगावर शाल घ्यावी लागते आणि दहा वाजता तीच शाल दोरीवर लोंबत असते, एवढीच. मुचकुंदीच्या मुखाशी, एका अंगाला समुद्र आणि एका अंगाला खाडी असलेल्या या गावात गोठलेलं पाणी कोणी पाहिलेलं नाही. उलट पाखरांसाठी हे सुगीचे दिवस. भात झोडून झालेलं असतं, खळ्यात आणि बांधावर दाणे सांडलेले असतात. गवताला बी धरलेलं असतं, वडा-पिंपळाला फळं असतात, आंब्याला मोहोर येतो आणि मोहोरावर किडे येतात. या दिवसांत आमच्या मूठभर बाजरीवाचून कोणाचं काही अडत नाही. मग आमच्या मागील दारी पाखरांची एवढी गर्दी का होते?

आमच्या घराला मागच्या बाजूने नऊ फूट रुंदीची कौलारू पडवी आहे. पुढे परडं. त्यात एक रतांबा, दोन शेवगे, तीन-चार पपया, जास्वंदीची कुंपणी, अम्मीची भाजी, भांडी घासायची जागा आणि शेवटी चिऱ्यांचा गडगा. पडवीत अब्बांची आरामखुर्ची असते. अब्बांनी एकतीस वर्षं जहाजावर काढली. खलाशी म्हणून चढले आणि सारंग होऊन उतरले. पाच वर्षांपूर्वी काचबिंदूने त्यांची नजर जायला लागली. काचबिंदूने गेलेली नजर परत येत नाही, उरलेली तेवढी राखायची, हे डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलं. आता त्यांना नळीतून पाहावं तेवढंच मधलं दिसतं, तेही धुरकट. मशिदीपर्यंत कोणाचा तरी हात धरून जातात. बाकीचा दिवस पडवीत.

त्यांना सोबत म्हणून अम्मीने गडग्यावर बाजरी आणि तांदळाची कणी टाकायला सुरुवात केली. चिमण्या आल्या, साळुंक्या आल्या, कावळे, होले, कधी मनोल्यांचा थवा. खारीही आल्या आणि त्यांनी बाकीच्यांना उभं राहू दिलं नाही. शेजारीच कोंबड्यांसाठी पाण्याची परळ होती. परळ म्हणजे कुंभाराकडची पसरट मातीची थाळी, दोन बोटं खोल. खरी गर्दी व्हायला लागली ती हिच्यावर.

आमची मुलगी सहावीत आहे. तिने जुन्या वहीच्या पानावर मधोमध रेघ मारली, एका बाजूला ‘दाणा’ आणि दुसऱ्या बाजूला ‘पाणी’ लिहिलं आणि गेल्या वर्षी सबंध जानेवारीच्या नोंदी केल्या. दाण्याच्या बाजूला पाच जातींची पाखरं भरली, पाण्याच्या बाजूला एकोणीस.

कारण सरळ आहे. फळं, मध आणि किडे खाणारी पाखरं बाजरीकडे ढुंकूनही बघत नाहीत. पाणी मात्र सगळ्यांना लागतं, प्यायला आणि आंघोळीला. आणि आमच्याकडे पाण्याची तऱ्हा अशी, की रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, पण जांभा दगड भोकाभोकांचा, तो काही धरून ठेवत नाही. दिवाळी सरली की पऱ्ये आटू लागतात. जानेवारीत सड्यावरची डबकी कोरडी पडतात. खाली खाडी बारा महिने भरलेली, पण खारी. पाखराच्या मापाचं गोडं पाणी म्हणजे विहिरीभोवतीची ओल, भांड्यांची मोरी आणि अशी एखादी परळ. अब्बा पडवीच्या कोपऱ्यात वजू करतात ते पाणी पन्हळीतून जास्वंदीच्या मुळाशी जातं. त्यात साबण नसतो, म्हणून तिथली माती कायम ओली आणि जिवंत. गांडुळं, किडे, सगळं तिथे. परळीखालोखाल गर्दी असते ती त्या हातभर चिखलात.

मार्चनंतर आमच्या विहिरीचाही तळ दिसतो आणि घरात बादल्या मोजाव्या लागतात. तेव्हा शेजारपाजारचे विचारतात, पाखरांना कशाला? परळीला दिवसाकाठी दीड तांब्या पाणी लागतं. आमची एक बादली भांडी विसळण्यात कितीदा वाया जाते, ते कोणी विचारत नाही.

पहिला नंबर दयाळाचा. काळा-पांढरा, शेपटी उभी, वागणं घरच्या जावयासारखं. त्याच्यामागून बुलबुल. आमच्याकडे दोन्ही येतात, शेपटीखाली लाल असलेला लालबुड्या आणि डोक्यावर टोकदार तुरा असलेला शिपाई. या बुलबुलावरून वर्गात दरवर्षी एक तास रंगतो. उर्दू शायरीत पावलोपावली बुलबुल भेटतो, गुलाबावर जीव टाकणारा, रात्रभर विव्हळणारा. मुलं खिडकीबाहेरच्या बुलबुलाकडे बघतात आणि विचारतात, हाच का तो? हा तो नव्हे. फारसीतून उर्दूत आलेला बुलबुल म्हणजे इंग्रजीतला नाइटिंगेल. दिसायला साधा, तपकिरी, गळा मात्र असा की रात्र जागवील. तो इराणात आहे, कोकणात नाही. आपल्या बुलबुलाशी त्याचं सोयरसुतक नाही, नाव तेवढं एक. आणि आपला बुलबुल रडका तर मुळीच नाही. पपई पिकली की तो भांडण काढतो आणि बहुतेक वेळा जिंकतो. पपई अर्धी खाल्लेली सापडली की अम्मी ती खाली उतरवत नाही. मुसलमानाने लावलेल्या झाडाचं पाखराने, माणसाने किंवा जनावराने काही खाल्लं तर लावणाऱ्याच्या नावे तो सदका होतो, ही हदीस बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. अम्मीला संग्रहांची नावं ठाऊक नाहीत. हदीस ठाऊक आहे.

नावांची अशीच गंमत परटाची. मराठीत त्याला धोबी किंवा परीट म्हणतात. पाण्याकाठी दगडावर बसून शेपटी वर-खाली, वर-खाली, जणू कपडे आपटतोय. उर्दूत हाच ममोला. आमच्याकडे येतो तो करडा धोबी, पोटाकडे पिवळा. हिमालयात आणि त्यापलीकडे त्याची घरटी. सप्टेंबर-ऑक्टोबरात येतो, मार्च-एप्रिलात निघून जातो. वजन जेमतेम वीस ग्रॅम. भांड्यांच्या मोरीवर तो असा ऐटीत फिरतो की भाडं भरलंय असं वाटावं. आमचा धाकटा भाऊ कुवेतला असतो, डिसेंबरात वीस दिवसांसाठी येतो. अब्बा म्हणतात, “याला बरी सहा महिन्यांची रजा मिळते!”

शाळेच्या मैदानात यंदा एक पाहुणा आला, तो पाण्याला नव्हे. लांब वाकडी चोच, डोक्यावर पंख्यासारखी उघडझाप करणारा तुरा, अंगावर काळे-पांढरे पट्टे. सुक्या मातीत चोच खुपसून अळ्या काढत होता. मुलांना विचारलं, हा कोण? कोणालाच सांगता येईना. हा हुदहुद, असं सांगताच सगळा वर्ग उभा राहिला. सूरह नम्लमध्ये हजरत सुलेमान (अ.) यांच्याकडे सबाच्या राणीची खबर घेऊन येणारा हुदहुद त्यांना मक्तबात शिकल्यापासून तोंडपाठ. पण तो आपल्या मैदानात अळ्या खातो, हे कोणाच्या ध्यानीमनी नव्हतं. एकाला ते वादळाचं नाव म्हणून माहीत होतं, आणि तेही बरोबरच. २०१४ साली विशाखापट्टणमला धडकलेल्या चक्रीवादळाला ओमानने सुचवलेलं हेच नाव दिलं होतं. त्या दिवशी व्याकरण राहिलं.

शिंजीर जास्वंदीवर, शिंपी पपईच्या पानाआड, हळद्या शेवग्यावर. सगळ्यांची हजेरी घेत बसलो तर मासिकाची पानं पुरणार नाहीत. एक सांगायलाच हवा. गेल्या डिसेंबरात, असरनंतर, उन्हं कलली होती. शेवग्यावरून एक पांढरंशुभ्र पाखरू सुटलं, परळीच्या पाण्याला पोट टेकवलं आणि परत फांदीवर. असं तीन-चार वेळा. काळंभोर डोकं आणि मागे हातभर लांब पांढरी फीत. स्वर्गीय नर्तकाचा मोठा नर. मध्य प्रदेशाने राज्यपक्षी म्हणून मानलेला दुधराज तो हाच. थंडीत उत्तरेकडून खाली येतो. आम्ही श्वास रोखून उभे होतो आणि अब्बा खुर्चीवरून पुढे झुकून म्हणाले, “रुमाल उडाला का कोणाचा?”

त्यांच्या त्या नळीएवढ्या नजरेतून तो फराटा गेला होता. पाच वर्षांत त्यांनी आपणहून पाहिलेलं ते पहिलं पाखरू. तो परत आला नाही. अब्बा मात्र महिनाभर असरनंतर खुर्ची त्याच तोंडाने लावून घेत होते.

आता थोडं कामाचं, कारण आमच्याकडे येणारी माणसं हेच विचारतात. भांडं पसरट आणि उथळ हवं, मातीचं असेल तर उत्तम. काठ खरबरीत असले की पाय घसरत नाहीत. मध्ये एक चपटा दगड ठेवला की लहान पाखरांनाही उतरता येतं. पाणी रोज बदलायचं आणि परळ काथ्याने घासायची. साचलेल्या पाण्यात डास आठवडाभरात तयार होतात, आणि पाखरांचेही रोग घाणेरड्या भांड्यातून पसरतात. दाणे घालायचेच तर मूठभर. फरसाण, खारवलेलं काही, शिळा पाव नको. पोत्यांनी दाणे ओतले की एकच जात माजते. गेल्या वर्षी दादरच्या कबुतरखान्यावरून केवढा वाद झाला, प्रकरण कोर्टात गेलं, हे सगळ्यांनी वाचलंच आहे. आजूबाजूच्या बागांत मोहोरावर फवारणी असेल त्या दिवशी आम्ही परळ उपडी करून ठेवतो आणि संध्याकाळी नवं पाणी भरतो.

राहता राहिली मांजर. मुसलमानाच्या घरात मांजरीला कोण हाकलणार? आमच्याकडे दोन आहेत आणि दोघींच्या डोळ्यांना अब्बांसारखा काही त्रास नाही. यावर उपाय एकच सापडला. परळ झुडपापासून सहा-सात हात लांब, उघड्यावर, गडग्याच्या उंचीवर ठेवायची. दबा धरायला आडोसा नसला की पाखराला उडायला वेळ मिळतो.

पाखरांचा नाद आपल्या लोकांना नवा नाही. सलीम अली मुंबईच्या खेतवाडीतले. एक वर्षाचे असताना वडील गेले, तीन वर्षांचे असताना आई. मामा अमीरुद्दीन तय्यबजींच्या घरी वाढले. लहानपणी छर्‍याच्या बंदुकीने त्यांनी एक चिमणी पाडली, तर तिच्या गळ्याशी पिवळा डाग. ही कुठली, हे मामांना सांगता येईना, म्हणून त्यांनी भाच्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत मिलर्ड साहेबांकडे पाठवलं. पुढचं सर्वांना माहीत आहे. आम्हांला मात्र त्यांची किहीमची गोष्ट जास्त आवडते. १९३० साली हाताला नोकरी नव्हती, तेव्हा ते अलिबागजवळच्या किहीमला समुद्राकाठच्या घरात राहायला गेले आणि पावसाळाभर शेजारच्या झाडावरच्या सुगरणींची घरटी बघत बसले. नर घरटं अर्धं बांधतो, मादी येऊन पसंत करते, मग तो पुरं करतो आणि दुसरं सुरू करतो, हा सगळा संसार त्यांनी शिडीवर बसून टिपला. मोठ्या जंगलात न जाता, घराच्या आसपास. १२ नोव्हेंबर हा त्यांचा जन्मदिवस आणि ५ नोव्हेंबर हा मारुती चितमपल्लींचा. या दोन तारखांच्या मधले दिवस महाराष्ट्रात पक्षी सप्ताह म्हणून पाळतात. चितमपल्ली गेल्या जूनमध्ये गेले. शाळेच्या कपाटातला त्यांचा ‘पक्षीकोश’ यंदा मुलांनी आपणहून बाहेर काढला.

आता जे सांगायला बसलो ते.

धाकट्या भावाने घर नवं बांधायचं काढलं आहे. ईदनंतर काम सुरू होईल. पैसा त्याचा, आणि त्याचं म्हणणं चुकीचंही नाही. कौलारू घर म्हणजे दरवर्षी पावसाआधी शाकारणी, आणि कौलं परतायला आता माणूस मिळत नाही. मिळाला तर दोन दिवसांचे चार दिवस करतो. माकडं उडी मारतात आणि दहा कौलं फुटतात. वाशांना वाळवी. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळ किनाऱ्यालगत वर सरकलं तेव्हा या पडवीची निम्मी कौलं परड्यात पडली होती आणि त्या रात्री आम्ही अब्बा-अम्मीला घेऊन माजघरात भिंतीला पाठ लावून बसलो होतो. स्लॅब हवाच. जे कौलारू घरांची शहरात बसून तारीफ करतात त्यांनी एक जुलै इथे काढावा.

पण नकाशा आला तेव्हा त्यात पडवी नव्हती. स्लॅब मागच्या गडग्यापर्यंत, स्वयंपाकघर मोठं, आणि उरलेल्या परड्यात पेव्हर ब्लॉक. रतांबा जाणार. गडग्याच्या जागी सिमेंटची भिंत. स्वच्छ, पातेरा नाही, चिखल नाही, विंचू-सापाची भीती नाही.

पडवीच्या वळचणीला, वासे आणि कौलांच्या मधल्या फटींत, चिमण्यांची सहा घरटी आहेत. मुलीने मोजलीत. चिमण्या कमी झाल्या म्हणून लोक हळहळतात आणि मोबाईलच्या टॉवरला दोष देतात. २०२० साली देशातल्या पक्ष्यांच्या स्थितीवर जो अहवाल आला, त्यात मात्र चिमणी देशभरात बहुतांशी टिकून आहे, घट झाली ती मोठ्या महानगरांत, असं निघालं. महानगरात आणि पूर्णगडात फरक काय? आमच्या मते दोन गोष्टींचा. फट आणि किडे. चिमणी दाणे खाते हे खरं, पण अंड्यातून निघालेल्या पिल्लांना ती पहिले काही दिवस किडे-अळ्याच भरवते. फटीला पर्याय आहे. नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांनी चिमण्यांसाठी लाकडी घरट्यांचा प्रसार केला, २० मार्चचा जागतिक चिमणी दिवस त्यांच्याच संस्थेच्या पुढाकाराने २०१० पासून सुरू झाला. तशी पेटी स्लॅबच्या भिंतीला ठोकता येईल. चिखलाला पर्याय कोणता? पेव्हर ब्लॉकवर परळ ठेवली, वर बाजरीही घातली, तर चिमणी येईल, खाईल, पाणी पिईल. पिल्लांना काय नेईल? वहीतल्या एकोणीस जातींपैकी निम्म्याहून जास्त पाखरांचं पोट पातेऱ्यात, ओल्या मातीत आणि झाडांवर आहे. परळ हे त्यांचं निमित्त. ती यायची ती या अजागळ परड्यात.

हे व्हिडिओ कॉलवर भावाला सांगितलं. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, “भाई, म्हणजे पाखरांसाठी आपल्या अम्मीचं किचन लहान करायचं?”

प्रश्न बिनतोड होता. अम्मी त्याच्याच बाजूची. चाळीस वर्षं तिने वाकून चुलीवर आणि मग ओट्याशिवायच्या गॅसवर काढली आहेत, तिला लांब ओटा हवा, वर कपाटं हवीत, आणि पाखरांची उष्टी पपई सोडून देणारी अम्मी पडव्यांवर भावुक होत नाही. पडवी झाडायची ती तिने. आम्ही नाही. आमच्याकडे तिला देण्यासारखं उत्तर नव्हतं.

अब्बा तोवर एक शब्द बोलले नव्हते. दोन दिवसांनी, इंजिनीअर मोजमापाला आला तेव्हा, त्यांनी त्याला जवळ बोलावलं आणि विचारलं, “नव्या घरात खिडक्यांना काचा असणार ना? सरकत्या?” तो म्हणाला, “हो चाचा, आणि जाळी. मच्छर अजिबात येणार नाही.” अब्बा म्हणाले, “मग मला सकाळ झाली ते कोण सांगणार?”

इंजिनीअर हसला. त्याला वाटलं, म्हातारा थट्टा करतोय. आम्हांला ठाऊक होतं की ते खरोखरच विचारत होते. उजेडावरून त्यांना वेळ कळेनाशी झाली त्याला दोन वर्षं झाली. फजरची अजान त्यांना उठवते, पण पुढचा सगळा दिवस ते वळचणीवरून लावतात. चिमण्यांचा गोंधळ झाला की उजाडलं. दयाळाची शीळ आली की चहाची वेळ. दुपारी सगळं शांत. सातभाई कलकलाट करत गडग्यावरून गेले की असर जवळ आली. आम्ही शाळेत असतो, अम्मी कामात असते, तेव्हा त्यांच्याशी दिवसभर बोलणारं दुसरं कोणी नाही.

मग नकाशा बदलला, थोडासा. पुढचं सगळं घर स्लॅबचं. पडवी नऊऐवजी सहा फुटांची राहणार, वर कौलंच, पण खाली लोखंडी अँगल, म्हणजे वाळवीचा प्रश्न मिटला. ओटा अम्मीला हवा त्यापेक्षा तीन फूट कमी लांब. तिने ते मान्य केलं असं नाही, अब्बांसमोर बोलली नाही एवढंच. पेव्हर पुढच्या अंगणात. जास्वंदीकडची पन्हळ राहील. रतांब्याचं अजून ठरलेलं नाही. भाऊ म्हणतो, मुळं पायाला लागतील. इंजिनीअर म्हणतो, लागतीलच असं नाही. मे महिन्यात रतांबे उतरेपर्यंत हात लावू नका, यावर तूर्त सगळे एकमत. काम सुरू असताना, मार्च ते मे, नेमक्या चिमण्यांच्या पिल्लांच्या दिवसांत, वळचणीला धक्का लागणार तो लागणारच. म्हणून पडवीची कौलं शेवटी उतरवायची अशी अट आम्ही ठेकेदाराला घातली आहे. तो “बघू” म्हणाला. कोकणातल्या ठेकेदाराचं “बघू” आपल्याला माहीत आहे. मुलीने बुटांच्या खोक्यांना भोकं पाडून चार घरटी तयार ठेवली आहेत. खोकी पावसात टिकणार नाहीत, पण मे महिन्यापर्यंत चालतील.

या १३ ते १६ फेब्रुवारीला जगभर परसातली पाखरं मोजण्याचे चार दिवस होते. १९९८ साली अमेरिकेत सुरू झालेला हा उपक्रम भारतात २०१३ पासून चालतो. निदान पंधरा मिनिटं एका जागी थांबायचं, जे पाखरू दिसेल त्याची जात आणि संख्या लिहायची आणि पाठवून द्यायची. कुठल्या परीक्षेची अट नाही. वर सांगितलेला चिमण्यांचा हिशेबही अशाच साध्या माणसांच्या नोंदींतून निघालेला. आम्ही रविवारी सकाळी बसलो. रमजान तोंडावर आलेला, अम्मी पलीकडे मसाल्याच्या मिरच्या उन्हात टाकत होती. मुलीने मोबाईलवर जागेच्या रकान्यात पूर्णगड लिहिलं आणि घड्याळ लावलं. चिमण्या चौदा. साळुंक्या चार. लालबुड्या बुलबुल तीन, शिपाई दोन. दयाळ एक. करडा धोबी एक. सातभाई सहा, मोजताना एक निसटला असेल. शिंजीर दोन, शिंपी एक, कावळे पाच.

पंधरा मिनिटं संपली तेव्हा अब्बा म्हणाले, “कुकुडकुंभा राहिला. आणि तांबट. तो मगापासून ठोकतोय, वडाकडे.”

आम्ही कान दिला. लांबवर, विहिरीपलीकडे, टुक टुक टुक. आणि कुकुडकुंभा, ज्याला पुस्तकात भारद्वाज म्हणतात, तो गडग्यापलीकडच्या काजूत घुमत होता. दोघांपैकी एकही दिसला नव्हता.

“दिसला नाही तर चालतो का?” मुलीने विचारलं. सूचना उघडून पाहिल्या. ओळखता येत असेल तर नुसता ऐकलेला पक्षीही धरतात. तिने दोन्ही नावं लिहिली, प्रत्येकी एक. मग अब्बांनी तिला थांबवलं. तांबट दोन आहेत म्हणाले, एक जवळचा आणि एक त्याला उत्तर देणारा, नीट ऐक.